या नावाचं इथं कुणी राहत नाही

सिन्नर, ५ फेब्रुवारी २०२४

प्रति,
व्यवस्थापक, स्नेहबंध रिकव्हरी सर्व्हिसेस,
गंगापूर रोड, नाशिक.

विषय: दुसऱ्याच्या नावाची नोटीस माझ्या दुकानावर पाठवल्याबद्दल.

महोदय,

तुमची नोटीस आज पोचली. पाकिटावर नाव 'सौ. आभा यशोधन थेटे' आणि खाली पत्ता मात्र माझ्या दुकानाचा. मी नवसा कचरू हांडोरे. सिन्नरला बसस्टँडसमोर माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. गाळा माझ्या मालकीचा, पाटीवर नाव माझं. आभा थेटे इथं राहत नाही, बसत नाही, साडीला फॉल लावायलासुद्धा कधी आलेली नाही.

नोटिशीत लिहिलंय की यशोधन थेटे यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये विंचूरच्या लेबल छापायच्या कारखान्यासाठी चार लाख ऐंशी हजार रुपये कर्ज घेतलं, आभा थेटे त्यात सहकर्जदार आहेत, यशोधन थेटे आता सापडत नाहीत, म्हणून राहिलेली सगळी रक्कम आभा थेटे यांनी भरावी. यशोधन थेटे माझा नवरा होता. २०१९ साली आमचा घटस्फोट झाला. म्हणजे दोन वर्षं ज्या माणसाचं मी तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्या मांडीला मांडी लावून मी कर्जाच्या कागदावर सह्या केल्या, असं तुमचं म्हणणं आहे. वाचून आधी हसू आलं. मग डोकं फिरलं.

तुमच्याकडचे महेश बेंडकुळे मला सकाळी सातला फोन करतात. आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा नियम आहे. तो मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असावा. यापुढे जे बोलायचं ते लिहून बोला. तोंडी माणूस काय वाटेल ते बोलतो आणि मग मी असं म्हणालोच नव्हतो म्हणतो, हे मी अठरा वर्षांच्या संसारात शिकले आहे.

पोस्टमनलाही मी सांगून ठेवलंय. आभा थेटे या नावाचं इथं कुणी राहत नाही.

नवसा कचरू हांडोरे


सिन्नर, २१ फेब्रुवारी २०२४

व्यवस्थापक महोदय,

तुमचं उत्तर मिळालं. तुम्ही म्हणता, दोघींचा पॅन नंबर एकच, म्हणजे बाई एकच. वा! नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, हे तुमच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नाही का? मग ऐका, सगळं सांगते. बोलायचं ते लिहून बोला असं मीच म्हणाले होते.

माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. मी जगावी म्हणून वडिलांनी नवस केला, म्हणून मी नवसा. बावीस वर्षं त्या नावाने जगले. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यशोधनने अंगठीने त्यात 'आभा' लिहिलं, पेढे वाटले, झालं. मला कुणी विचारलं नाही. सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "नवसा हे काय नाव झालं? नवसाला कोंबडं बोलतात." सगळ्या हसल्या, मीही हसले. नवी नवरी दुसरं काय करणार?

ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. नाव मात्र रेशनकार्डावर चढलं, पॅनकार्डावर चढलं, आणि अठरा वर्षं उतरलं नाही. घटस्फोट झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर राजपत्रात जाहिरात देऊन माझं नाव परत घेतलं. त्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. तारीख बघा, ऑगस्ट २०२०. कर्ज २०२१ चं. त्या वेळी आभा थेटे नावाची बाई जगात नव्हती. मेलेल्या बाईकडून सही कशी काय घेतलीत?

जुन्या पॅनकार्डाची झेरॉक्स त्या घरातल्या कपाटात राहिली होती, ती वापरली असणार. पण सही झेरॉक्समधून निघत नाही. ती कुणीतरी हाताने केली आहे. तेव्हा करारनाम्याची, सह्यांसकट, पूर्ण प्रत मला पाठवा. ती मागायचा मला हक्क आहे. ज्याने कुणी सही केली त्याला मी पोलिसांत खेचल्याशिवाय राहणार नाही. यशोधनचा भाऊ असो, बहीण असो, नवा मित्र असो. खोटी सही करणाऱ्याला दयामाया नाही.

नवसा कचरू हांडोरे


सिन्नर, ११ मार्च २०२४

श्री. महेश बेंडकुळे यांस,

हे पत्र थेट तुम्हाला. एक प्रत तुमच्या व्यवस्थापकांनाही.

शनिवारी तुम्ही आणि तो चष्मेवाला दोघं माझ्या दुकानात आलात. गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर दीड तास बसलात. लग्नसराई आहे, साडी घेऊन आलेल्या पाच बायका दारातून परत गेल्या. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "आभा मॅडम, पैसे बुडवून धंदा करता?" शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. मी मशिन थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर हातातली कात्री तुमच्या अंगावर फेकली असती. नंतर बघितलं तर एका पैठणीचा काठ उसवावा लागला. ती उसवण तुमच्या नावावर लिहून ठेवली आहे.

तुमच्या कंपनीचं नाव स्नेहबंध ठेवणाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे.

जाताना तुम्ही म्हणालात, "मुलगी आहे ना तुम्हाला? तिचा नंबर द्या, तिच्याकडून वडिलांचा पत्ता काढतो." बेंडकुळे, दुकानात याल तर चहा नाही पण पाणी तरी देईन. माझ्या मुलीकडे गेलात तर मात्र मी काय करीन ते मलाच सांगता येणार नाही. तिचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. ती नाशिकला तिच्या आत्याकडे राहते. गेल्या महिन्यात तिची तलाठी म्हणून निवड झाली. यादी पेपरात आली होती, तिथं मी तिचं नाव वाचलं. चारित्र्य पडताळणी व्हायची आहे, मग नेमणूक. तिच्या दारात वसुलीवाले उभे राहिलेले मला चालणार नाहीत.

आणि तिचा नंबर माझ्याकडे नाही. तुम्ही हसलात, पण खरंच नाही. मी घर सोडलं तेव्हा तिची दहावी होती. परीक्षा तोंडावर, शाळा गंगापूर रोडला, आणि मी इथं भावाच्या पडवीत. म्हटलं, दोन महिने राहू दे तिला तिकडं, पेपर झाले की घेऊन येते. पेपर झाले, मी न्यायला गेले, तर ती दारात उभी राहून म्हणाली, "तू कपाट भरून नेलंस आणि मला ठेवून गेलीस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. सहा वर्षं झाली.

हे तुम्हाला का लिहिलं कोण जाणे. खोडणार नाही, कागद वाया जाईल.

करारनाम्याची प्रत अजून आलेली नाही. दर आठवड्याला पत्र टाकीन. मला लिहायचा कंटाळा नाही.

नवसा कचरू हांडोरे


सिन्नर, २ एप्रिल २०२४

व्यवस्थापक महोदय,

करारनाम्याची प्रत मिळाली. बारा पानं आहेत.

सोबत तुमच्या ऑफिसातल्या तृप्ती मॅडमचं पत्र आहे. सही खोटी असेल तर पोलिसांत तक्रार करावी, तिची प्रत तीस दिवसांत पाठवावी, म्हणजे माझं नाव वगळलं जाईल आणि मला पुन्हा त्रास होणार नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र सभ्य आहे. त्यांना माझे आभार सांगा.

एप्रिलअखेर कळवते. तोपर्यंत कुणाला पाठवू नका.

न. क. हांडोरे


सिन्नर, ४ एप्रिल २०२४

आरोही,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो खाली लिहीन. आधी मला बोलून घेऊ दे.

तुझ्या बापाने कर्ज काढलं, त्या कागदांवर आभा थेटेच्या सह्या आहेत. त्या तू केल्यास. नाही म्हणू नकोस. पहिलीत होतीस तेव्हा शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे तू 'आमा' लिहून आणलं होतंस. बाईंनी लाल गोल केला होता. तुला भ काही केल्या जमायचा नाही, म व्हायचा. आपण स्वयंपाकघराच्या फरशीवर खडू घेऊन बसलो. मी सांगून सांगून थकले, आधी गाठ, मग दांडी. तुझं आपलं तिसरंच. तू आधी अख्खा म काढायचीस, हात उचलायचीस आणि मग त्याच्या डोक्याला बाहेरून एक गाठ चिकटवायचीस. मी म्हटलं, असू दे बाई, भ दिसल्याशी कारण. मला काय माहीत की हे एक दिवस असं समोर येईल.

बारा पानं, बारा सह्या. प्रत्येक ठिकाणी म काढून त्याला वरून गाठ चिकटवली आहे. पाचव्या पानावर तू गाठ विसरलीस. तिथं 'आमा' आहे.

कंपनीतल्या तृप्ती नावाच्या बाईने पाठवलेलं पाकीट फोडायच्या आधी मी देवाला म्हणत होते, सही यशोधनची निघू दे, एकदाचा त्याला धडा शिकवते. मग पाचवं पान बघितलं. दुकानात बाई उभी होती, तिची साडी तशीच परत दिली.

खरं सांगू, तू समोर असतीस तर दोन कानाखाली दिल्या असत्या. एकोणीस वर्षांची होतीस, कुकुलं बाळ नव्हतीस. त्याने काय सांगितलं असेल ते मी इथं बसून सांगते. "अगं तिचीच सही, तिला काय कळणार, एका कागदाचं तर काम." हेच ना? आणि मी तुला टाकून गेलेली बाई, तेव्हा माझं नाव कुठंही खरडलं तरी चालतं. कंपनीच्या माणसाने लिहिलंय, 'सही समक्ष घेतली'. म्हणजे तू त्याच्यासमोर बसलीस, आणि तो तुला आभा समजला, किंवा समजायचे त्याला पैसे मिळाले. माझं ते नाव मला कधीच आवडलं नव्हतं, पण ते तू चोरावंस असंही वाटलं नव्हतं.

आता नीट ऐक. मी पोलिसांत तक्रार केली तर मी सुटते. गाळा वाचतो. पण ते हस्ताक्षर तपासतील, आणि तुझा भ काही लपायचा नाही. तुझ्यावर गुन्हा दाखल होईल, चारित्र्य पडताळणीत तो येईल, आणि नोकरी हातात यायच्या आधीच जाईल. तक्रार नाही केली तर कर्ज माझ्या डोक्यावर. व्याज धरून पाच लाख बारा हजार झालेत. माझ्याकडे गाळ्याशिवाय काही नाही, तो मी माझ्या पाटल्या आणि गोठ मोडून घेतलाय.

मला तुझ्याकडून पैसे नकोत. मला फक्त एक फोन हवा आहे. दुकानाच्या पाटीवर नंबर आहे, इथंही खाली लिहिते. फोन कर आणि म्हण, आई, मी केलं. बस. मग काय करायचं ते आपण दोघी ठरवू. नुसतं 'आई' म्हणालीस तरी पुढचं मी बोलीन.

तलाठी झालीस, लय बरं वाटलं. पेपरचं ते पान मशिनच्या खणात ठेवलंय.

आशीर्वाद आहेच, तो कुठं जाणार.

आई


सिन्नर, २४ एप्रिल २०२४

आरोही,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून पत्ता लिहायची खटपट नाही.

माझं पाकीट परत आलं. वर पोस्टाचा शेरा, 'घेण्यास नकार'. मला वाटलं तुझ्या आत्यानेच परत केलं असेल, म्हणून मालनबाईंना फोन केला. नणंद होत्या तेव्हाही त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "नाय गं नवसा. मी घेतच होते. आरोहीनं पाकीट बघितलं, अक्षर ओळखलं आन् म्हणली, परत द्या. मी लय सांगितलं. ऐकती का ती?"

तुझं अक्षर मी ओळखलं, माझं तू ओळखलंस. तू उघडलं नाहीस एवढाच फरक.

त्या दिवशी मी खूप रागावले. पोलीस ठाण्यापर्यंत गेलेसुद्धा. प्रती काढल्या होत्या, अर्ज लिहिला होता, पिशवीत सगळं नीट लावून ठेवलं होतं. म्हटलं, जिला आई नको तिला आईचं नाव तरी कशाला? आत एक बाई हवालदार बसली होती, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "बोला मावशी, काय तक्रार आहे?" मी म्हटलं, "पाकीट हरवलं." तिने विचारलं, "पाकिटात काय होतं?" मी म्हटलं, "सापडेल, बघते घरी." आणि बाहेर आले.

मी तुला दहावीला ठेवून गेले, ते चुकलं. कारणं सांगितली, मलाही ती पटली होती, पण चुकलं. कपडे घेतले, भांडी घेतली, मशिन डोक्यावर घेऊन जिना उतरले, आणि तुला म्हटलं अभ्यास कर. हे तुझ्यासमोर कधी बोलले नाही. म्हणून तू माझी अपराधी, मी तुझी, असं म्हणून सोडून देणार नाही हं मी. तू केलंस ते वाईटच केलंस. मी हे फेडेन आणि तुला कळणारही नाही, याचाही मला राग आहे. मालनबाईंना शपथ घातली आहे.

गेले चार दिवस वहीत भ गिरवतेय. माझा भ एका झटक्यात येतो, त्याने ओळखतील. तुझ्यासारखा काढायचा म्हणजे आधी म, मग हात उचलायचा, मग गाठ. सेहेचाळिसाव्या वर्षी तुझी शिकवणी लागली आहे मला. पहिल्या दिवशी जमेना. आज जमला.


सिन्नर, ३० एप्रिल २०२४

प्रति,
व्यवस्थापक, स्नेहबंध रिकव्हरी सर्व्हिसेस,
गंगापूर रोड, नाशिक.

विषय: कर्जफेडीबाबत.

महोदय,

करारनाम्यावरच्या बाराही सह्या माझ्या आहेत. मी त्या समक्ष केल्या. घटस्फोट झाला होता, तरी माजी नवऱ्याच्या शब्दाखातर केल्या आणि नंतर नाकबूल झाले. आधीची पत्रं मी रागाच्या भरात लिहिली, ती मागे घेते. पोलिसांत कोणतीही तक्रार केलेली नाही आणि करणार नाही.

पाचव्या पानावर सही 'आमा' अशी दिसते, म्हणून पुढे कुणाला शंका यायला नको. ती माझ्याच हातून घाईत राहिलेली चूक आहे. माझा भ पहिल्यापासून असाच आहे. मी आधी म काढते आणि गाठ नंतर जोडते, कधीकधी विसरते. खाली सही केली आहे, ताडून बघा.

महेश बेंडकुळे यांनी फोनवर एकरकमी तीन लाख नव्वद हजारांत मिटवायची तयारी दाखवली होती. ते लेखी द्या. गाळ्याला गिऱ्हाईक मिळालं आहे, चपलांच्या दुकानवाल्याला भिंत पाडून मोठं दुकान करायचं आहे. व्यवहार पंधरा दिवसांत होईल. मशिन मी घरी नेते आहे, तेव्हा दुकानात माणसं पाठवून उपयोग नाही.

माझ्या दोन अटी आहेत. पैसे भरले की काही बाकी नसल्याचा दाखला द्यायचा. आणि करारनाम्याची मूळ प्रत, सह्यांची बाराही पानं, माझ्या हातात द्यायची. तो कागद दुसऱ्या कुणाकडे राहिलेला मला चालणार नाही. पाचवं पान आहे ना, ते मोजून घेईन. यशोधन थेटे यांच्या मुलीशी या प्रकरणात कुणीही, कधीही बोलायचं नाही.

यापुढची पत्रं दुकानावर नकोत, पाकिटामागे घरचा पत्ता दिला आहे त्यावर पाठवा. नाव तुम्ही पहिल्यापासून लिहीत होता तेच लिहा. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, आभा थेटे इथंच राहते.

आभा यशोधन थेटे